यादीतलं एकच नाव

दूध संघाच्या कार्यालयात हेमलतानं संगणकावर क्वेरी चालवली आणि यादी पडद्यावर आली. बॉयलर सुरक्षेचं प्रशिक्षण मुदतीत पुरं न केलेले कामगार: एक. भिकोबा लाड, म्हणजे बॉयलरवरचे नाना.

"नाना, तुम्ही ती प्रशिक्षणाची फिल्म पाहिलीच नाहीत?" तिनं फोनवर विचारलं. दूध संघातल्या बाकी चारशे जणांनी ती पोर्टलवर कधीच पाहिली होती.

नाना खळखळून हसले. "अगं पोरी, फिल्ममध्ये वाफेचा कॉक फिरवून दाखवणारा मीच की! कीर्तनकाराची हजेरी कुणी मांडतं का?"

गावच्या सप्ताहात नाना टाळ धरून उभे राहायचे, तेव्हा तीही मागं बसून डोलायची. पण मुदत संपून पोर्टल दुपारीच बंद झालं होतं. तिला यादी वाचायचा अधिकार होता, खोडायचा नव्हता. साहेबांकडे धावली, तर ते म्हणाले, "संगणक सांगेल ते खरं, बाई. उद्यापासून त्यांचा पास बंद."

सकाळी नाना डबा घेऊन फाटकाबाहेर उभे होते. पहारेकऱ्याच्या खोलीतल्या टीव्हीवर नव्या भरतीसाठी तीच फिल्म चालू होती. पडद्यावरचे नाना बजावत होते, "वाफेला कधी पाठ दाखवू नका, बाबांनो." बाहेरचे नाना गज धरून, कीर्तन ऐकावं तसे तल्लीन होऊन ऐकत होते.

तिला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. "पोरी, आत्ता अख्खी पाहिली बघ. आता तरी निघेल ना गं नाव?"

हेमलतानं खाली मान घालून आपलं कार्ड लावलं. फाटक तिच्यापुरतंच उघडलं.