दणकट मासे

एकही मासा मेला नव्हता.

तपासनीस बाईंनी चष्मा पुसून पुन्हा टाकीत डोकावून पाहिलं. कारखान्याच्या सांडपाण्यात मासे मजेत फिरत होते. बाईंनी ते एकेक करून मोजले.

"एकही नाही?" मागून थोरल्या भावानं विचारलं. प्रयोगशाळेला मासे तोच पुरवायचा. पिढीजात धंदाच तो.

"नाही, दादा."

दादा मटकन स्टुलावर बसला. त्याची मोठी लेक गेल्या वर्षी गेली. कारखान्याचा नाला त्यांच्या विहिरीला खेटून वाहतो. आता धाकटीचंही तसंच सुरू झालं होतं. आधी उलट्या, मग हातापायांना मुंग्या. कारखाना म्हणे, आम्ही पाणी शुद्ध करूनच सोडतो. नियम सरळ होता. त्या पाण्यात मासे जगले तर परवाना कायम, मेले तर नाला बंद.

मागच्या खेपेला मेले होते की! पण शेजारच्या टाकीत, साध्या पाण्यातलेही दोन-चार मेले आणि कारखान्याच्या साहेबांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. "बाई, तुमचे मासेच मरतुकडे, आमच्या पाण्याला कशाला नावं ठेवता?" चाचणी रद्द झाली. तेव्हाच बाईंनी भावाला बजावलं होतं, "दादा, पुढच्या वेळी दणकट मासे आण. कुणाला बोट ठेवायला जागा नको."

या वेळी साध्या पाण्यातलेही सगळे जगले होते. बोट ठेवायला खरंच जागा नव्हती.

दुपारी साहेब आले, बाईंच्या सहीचा अहवाल घेऊन गेले. जाताना हसले नाहीत, एवढी तरी माणुसकी दाखवली म्हणायची.

"पाणी चांगलं, मग माझ्या पोरींना काय झालं गं?" दादानं विचारलं.

"ठाऊक नाही रे." बाईंचा बांध फुटला. धाकट्या भाचीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. "माझ्याच हातानं सही केली मी. पण मासे काही खोटं बोलत नाहीत. आता दाद तरी कुणाकडे मागायची?"

दादानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नकोस. तुझं काही चुकलं नाही. मीही कसूर केली नाही बघ. तळ्यातले मासे नाजूक, त्यांचा काय भरवसा? म्हणून या वेळी मुद्दाम कारखान्याच्या नाल्यातच जाळं टाकलं. तिथं जे तगलेत ना, ते कशानं म्हणून मरत नाहीत."