छतावरची शेजारीण

जुन्या सुती लुगड्यांच्या लगद्यापासून मुकुल कागद करायचा आणि त्यावर काशीच्या छतांची चित्रं छापायचा. ब्रह्मा घाटाचं पहिलं चित्र त्याने लुगडी देणाऱ्या प्रमोदिनीकाकूंना नेऊन दिलं. काकूंनी ना गंगा पाहिली, ना घाट. त्यांचं बोट स्वतःच्या छतावरून शेजारच्या छतावर गेलं आणि तिथेच घुटमळत राहिलं.

"काय शोधताय, काकू?"

"गीताचं दार. चार दिवस झाले, वर आलीच नाही."

"शेजारणीचं दार माहीत नाही? मग फोन करा."

"हाकेवरच्या माणसाचा नंबर कोण घेतं रे? तीस वर्षं कठड्यावरूनच वाट्या देतो-घेतो आम्ही. खाली तिची गल्ली कुठली, कुणास ठाऊक!"

चित्रात दारं नव्हतीच. पण लुगडी गोळा करताना मुकुल घरोघरचे जिने चढला होता. तीन गल्ल्या ओलांडून त्याने कडी वाजवली. काकू अजून मागे, वळणावर धापा टाकत होत्या.

गीताताईंनी दार उघडलं. पायाला प्लास्टर, हातात घासून लख्ख केलेली वाटी.

"मुकुल, देवासारखा आलास बघ! आमच्या प्रमोदिनीचं दार कुठल्या गल्लीत आहे रे?"