एक रेघ

विश्रामनं पट्टी पुन्हा खिडकीच्या उजेडात धरली. एकच रेघ, म्हणजे लागण नाही. दुसरी पुसटशी तरी उमटलीय का, म्हणून त्यानं ती तिरकी करून पाहिली. एचआयव्ही तपासणी केंद्रात रक्त तपासून लोकांना निकाल सांगणं हे त्याचं रोजचं काम. पण परगावच्या त्या एका भेटीनंतर, निरोध वापरूनही आणि तीन महिने कधीच उलटूनही, स्वतःच्या रक्ताची ही तिसरी पट्टी त्याला पटत नव्हती. किटच बिघडलेलं असलं तर?

दार वाजलं. पट्टी खिशात सारून त्यानं सकाळी रक्त देऊन गेलेल्या बाईला आत घेतलं. तिचा नवरा वर्षापूर्वी याच आजारानं गेला होता.

"काही निघालं नाही, ताई."

"नक्की ना, साहेब?"

"नक्की. निर्धास्त जा."

"मग आजपासून पोरांना कुशीत घेऊन निजते."

"ते आधीही चाललं असतं," तो म्हणाला, पण ती डोळे पुसत निघालीसुद्धा होती.

विश्राम थक्क होऊन दाराकडे बघत राहिला. तिची पट्टी त्याच खोक्यातली होती, तपासणारे हातही तेच. आणि त्याच्या एका शब्दावर बाई आपलं सगळं आयुष्य परत घेऊन गेली.

टेबलाला वळसा घालून तो तिच्या खुर्चीत बसला. ती अजून कोमट होती. समोर त्याची रोजची खुर्ची, एक हात तुटलेली. तिथून आलेल्या शब्दावर किती माणसं इथून निवांत उठून गेली असतील.

"नक्की ना, साहेब?" त्यानं रिकाम्या खुर्चीला हळूच विचारलं.

आणि उठला.