ताईचा दम

"मास्तर, ही पदं आहेत की उचक्या?"

मालकांनी कागद पायपेटीवर टाकला. तालमीच्या खोलीत हशा पिकला. तबलजी मान खाली घालून हसला, म्हणजे जरा जास्तच हसला.

मास्तरांनी कागद उचलून सरळ केला. नाटक कंपनीची पदं तेच लिहायचे आणि पायानं भाता मारत पायपेटीवर साथही तेच करायचे. त्यांची पद्धत ठरलेली. आधी चाल. मग ती चाल पेटीवर धरायची आणि ताईला नुसती गुणगुणायला लावायची. ती जिथे श्वास घेईल तिथे ओळ तोडायची. शब्द सगळ्यात शेवटी. ताई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण, कंपनीची नायिका. एके काळी तिच्या एका श्वासात अख्खं कडवं मावायचं. ऐकणारेच घुसमटायचे.

आणि आता? चार शब्द झाले की थांबली. गेली काही वर्षं हेच. मास्तर मुकाट्यानं ओळी आखूड करत आले. तिला कधी विचारलं नाही. गाणाऱ्या माणसाला विचारायचं, तुला दम लागतो का म्हणून? त्यापेक्षा थोबाडीत दिलेली बरी.

"पूर्वीसारखं लांबलचक काहीतरी द्या," मालक म्हणाले. "नाहीतर पुढचं नाटक मी दुसऱ्या कुणाला सांगतो."

खरं कारण सांगितलं तर ताईचं काम जाणार. मास्तरांनी घसा साफ केला.

"सांगा. मला आता सुचत नाही."

ज्यासाठी जन्मभर हाडं झिजवली, ते एका वाक्यात देऊन टाकलं. वर हसलेसुद्धा.

"सुचत नाही म्हणे!" खिडकीपाशी बसलेली ताई ताडकन उठली. "ह्या मेल्याला आंघोळ करतानासुद्धा सुचतं. मालक, कुणाला काढताय ते ऐका तरी."

आणि तिनं त्यांचं एक जुनं पद धरलं. साथ नाही, ठेका नाही. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसरी आली तरी श्वास नाही. तबलजीचं तोंड उघडं ते उघडंच. कडवं संपलं, त्यावर तिनं एक तान घेतली, आणि मग कुठे ती थांबली.

"असंच लिहा हो मास्तर. तुम्हीच लिहा," एवढं म्हणून मालक बाहेर गेले. बाकीचेही चहाला पांगले.

मास्तर बहिणीकडे वळले.

"ताई, तुला दम लागत नाही?"

"मला कशाला लागतोय?"

"मग माझ्या पेटीबरोबर गाताना मध्येच थांबतेस, ते?"

ताईनं दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. ती त्यांच्या शेजारी बाकावर टेकली. लहानपणी धाकट्या भावाला झोपवताना लावायची तसा हळू आवाज लावला.

"तुझा पाय थकतो रे बाळ्या. भाता नीट बसत नाही, पेटीचा सूर मध्येच विरतो. तो विरायच्या आत मी थांबते. लोकांना वाटतं, बाईचाच दम गेला."