कमीत कमी दोघं

बहिणीकडे जाते असं सांगून मिसुक सोलहून एकटीच जवळच्या कॉलेजांच्या गावी आली. थंडीच्या सुट्टीत पोरं घरी गेलेली, गाव निवांत. तिखट कोंबडी खायची आणि कुणाशी बोलायचं नाही, एवढाच बेत.

खाणावळीच्या मावशीने दारातच अडवलं. "एकट्या माणसासाठी तवा चढवत नाही, बाई. कमीत कमी दोघं लागतात."

"मी दोघांचं खाईन, मावशी."

"तो कोपऱ्यातला बाबाही हेच म्हणतोय. बसा त्याच्यासमोर."

मिसुक बसली. बाहेरच्या गारठ्यातून आल्यामुळे धुरकटलेला चष्मा तिने पुसला. समोर, साहेबांच्या सासूच्या मयताला गेलेला तिचा नवरा होता.

कोंबडी शिजेपर्यंत दोघं मुकाट्याने किमची चिवडत राहिले.

शेवटी मावशीलाच राहवेना. "अहो, ओळख नसली म्हणून काय झालं? जेवताना दोन शब्द बोलावेत माणसाने."