भाऊबीजेची कोर

भाऊबीजेच्या संध्याकाळी भागूबाईने तबक उचललं आणि पाटावर बसलेल्या नामाला तसंच ठेवून ती अंगणात निघाली. नव्या सुनेने, इंदूने, तिला दारातच गाठलं.

"आत्याबाई, चंद्राला तर भाऊ नसलेल्या बाया ओवाळत्यात. तुमचा तर पाटावर बसलाय."

भागूबाई हसली. वर बोरघाटात गाडी धुराचा शेला सोडत चढत होती. गाडी पाहिली की तिला बोगद्याआधीचा डोंगर आठवे. शिट्टी नव्हती तेव्हा; छिन्न्यांची किणकिण होती, पाट्या वाहणाऱ्या बायांची गाणी होती, आणि कड्यावर दोराला लोंबकळून सुरुंगाची भोकं पाडणारा, मिसरूड न फुटलेला नामा होता.

"दोर झिजला व्हता गं. नवा आल्याबिगर कुनी लटकायचं नाय म्हणून आमी समदी खाली बसलो. सायेब म्हनला, लटका, नायतर चालते व्हा. तवा त्यांच्यातलाच एक गोरा मिस्त्री हातोडा टाकून आमच्यात येऊन बसला. म्हनला, माझा मुलूख आयर्लंड. तिथंबी ह्यांचंच राज्य हाय."

"मग?"

"मग नवा दोर आला. मिस्त्रीला तेवढं कामावरनं काढून बोटीवर घातलं. पुना कवा दिसला नाय. पन ही कोर त्याच्या मुलखातबी दिसत आसंल."

इंदूने पुढे होऊन वाऱ्यापासून निरांजनाला पदर धरला. आतून नामाने हाक दिली.

"अक्का, कोर बुडंल. मी काय पळून जात नाय. आदी थोरल्याला ओवाळ."