शेततळ्यावरची बदकं

"हे परदेशी पाहुणे आपल्या शेडात बर्ड फ्लू आणणार!" मामंजींनी सुतळी बॉम्बसाठी काडी ओढली. समोर तलावात शेकडो रानबदकं निवांत तरंगत होती.

"मामंजी, उठवू नका त्यांना. आहेत तिथं राहू द्या," वृंदा काकुळतीला आली. शेडातली कोंबडीची पाच हजार पिल्लं तिनं बल्बच्या उबेत, तान्ह्या बाळांसारखी वाढवली होती.

"दाणे टाकणारीनं मला शहाणपण शिकवायचं नाही!"

बॉम्ब फुटला. सारा थवा उठला, गावावरून एक घिरटी घालून वळला आणि थेट शेडामागच्या शेततळ्यात उतरला. त्यातलंच पाणी नळीनं पिल्लांना जात होतं.

"बघतेस काय? हाकल त्यांना!" मामंजी किंचाळले.

वृंदानं धावत जाऊन आधी नळीचा कॉक बंद केला. मग विचारलं, "आता कुणाच्या पाण्यावर हाकलू?"